काजू प्रक्रिया युनिट: बँकेच्या अहवालासाठी आपली स्पर्धेतली जागा मोजायची कशी?

गर_टरफल

नमस्कार मंडळी. कुडाळ तालुक्यात आमचं काजूचं छोटं युनिट आहे. क्षमता रोज ५०० किलो बी, म्हणजे २५० दिवस धरले तर १२५ टन. प्रत्यक्षात १४० दिवसच चालतं. साधारण ६० टन बी आमची स्वतःची, १० टन जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्याची बी मजुरीवर. स्टीम कुकर, हातापायाने चालणारी कटिंगची यंत्रं, एक बोर्मा (गर वाळवायची भट्टी). सोलणी आणि प्रतवारी गावातल्या बायका करतात. कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलाची बँकेची मर्यादा) ६० लाख, स्वतःचे २५ लाख. माल बहुतेक वाशीच्या दोन व्यापाऱ्यांना जातो.

ऑटोमॅटिक कटिंग आणि पीलिंग बसवून रोज २ टनांवर जायचा विचार आहे. बँकेने प्रकल्प अहवालात ‘स्पर्धात्मक स्थितीचे विश्लेषण’ मागितलं. सल्लागाराने स्वॉटचा तक्ता दिला: बलस्थान ‘दर्जेदार कोकणी काजू’, उणीव ‘भांडवल’, संधी ‘वाढती मागणी’, धोका ‘स्पर्धा’. पोर्टरच्या पाच बलांचं (स्पर्धक, नवीन येणारे, पुरवठादार, खरेदीदार, पर्यायी माल) चित्रही आहे आणि प्रत्येक बलापुढे ‘मध्यम’ लिहिलंय. बँकेने कागद परत पाठवले. या जागी नेमकं काय लिहायचं, आणि ते कसं मोजायचं? हिशेबासाठी आकडे: बीचा भाव १४० रुपये किलो, कट टेस्टप्रमाणे (नमुन्याच्या बिया फोडून) उतारा, म्हणजे बीतून निघणारा गर, २७.५ टक्के.

हिशेबनीस

बँकेने परत पाठवलं ते योग्यच केलं. ‘दर्जेदार कोकणी काजू’ हे बलस्थान सिंधुदुर्गातल्या प्रत्येक युनिटच्या अहवालात असतं. जे सगळ्यांकडे आहे ते तुमचं बलस्थान होत नाही.

सुरुवात चौकटींपासून करू नका, एका पोत्यापासून करा. ८० किलो वाळवलेली बी हे एकक धरा. खालचे भाव पद्धत कळावी म्हणून घेतलेत, तुम्ही तुमच्या वहीतले घाला.

ताजी बी वाळवणीत साधारण ५ टक्के घटते, म्हणून ८० किलोसाठी ८४ किलो घ्यावी लागते. १४० रुपयांनी ११,७६० रुपये. कुकर, कटिंग, बोर्मा, सोलणी, प्रतवारी, वीज, सरपण मिळून किलोमागे २८ रुपये, म्हणजे २,२४०. सरासरी पाच महिने माल पडून राहतो, ११ टक्क्यांनी त्याचं व्याज ५३९. टिन, वाशीपर्यंतचं भाडं, दलाली ४००. एकूण १४,९३९.

आता आवक. सफेद (साल काढलेला) गर २६ टक्के धरला तर २०.८ किलो. त्यात १४ किलो अख्खा, सरासरी ८०० रुपयांनी ११,२००. उरलेला ६.८ किलो पाकळी, तुकडा आणि कणी, सरासरी ६२० ने ४,२१६. टरफल ५५ किलो, ८ रुपयांनी ४४०. एकूण १५,८५६. पोत्यामागे शिल्लक ९१७ रुपये, विक्रीच्या ६ टक्क्यांहूनही कमी.

यातली एकेक गोष्ट हलवून बघा:

बीचा भाव किलोला १० रुपये वाढला तर ८४० रुपये जातात.
उतारा एक टक्क्याने घटला तर ५९३.
माल दोन महिने जास्त पडला तर २१६.
अख्ख्याचं प्रमाण पाच टक्क्यांनी घटलं तर १८७.
मजुरी १० टक्के वाढली तर १३० (मजुरी पोत्याला १,३०० धरून).

तुमची स्पर्धात्मक स्थिती या पाच ओळींत आहे. पहिल्या दोन ओळी खरेदीच्या आहेत आणि त्या बाकी तिन्हींच्या एकत्रित बेरजेहून कितीतरी मोठ्या आहेत. म्हणून या धंद्यातली खरी चुरस बी विकत घेताना होते. शेजारचं युनिट तुमचं गिऱ्हाईक क्वचितच पळवतं. एप्रिलमध्ये तुमची बी मात्र पळवतं.

तुमच्या आकड्यांत एक गंभीर गडबड आहे, ती आधी सुधारा. कट टेस्टचा २७.५ टक्के हा सालीसकट, ओलाव्यासकट गराचा आकडा असतो. चाचणी अशी: खेपेतल्या किमान दहा टक्के पोत्यांतून वरून, मधून आणि तळातून नमुना काढायचा, मिसळायचा, चार भाग करून समोरासमोरचे भाग घेत १ किलोवर यायचं. बिया मोजायच्या, सगळ्या फोडायच्या. चांगला गर पूर्ण वजनाने धरायचा, डागी आणि अपक्व गर अर्ध्या वजनाने, सडका आणि पोकळ शून्य. समजा चांगला २६५ ग्रॅम आणि डागी २० ग्रॅम, तर २७५ ग्रॅम. हाच व्यापारी भाषेत ८० किलो बीला ४८.५ पौंड गर.

हा गर बोर्म्यातून निघून साल गेली की वजन साधारण आणखी १० टक्के उतरतं. म्हणजे सफेद गर सुमारे २४.७५ टक्के. वरच्या हिशेबात २६ ऐवजी हा आकडा घातला की पोत्यामागे ७४१ रुपये जातात आणि शिल्लक उरते १७६. सफेद २६ टक्के हवा तर कट टेस्टला ५१ पौंडांच्या आसपास मिळायला हवेत. दहा टक्के घट हा ढोबळ आकडा आहे. तुमच्या बोर्म्याची घट तुम्ही स्वतः, एकेका खेपेची वेगळी, वजन करून लिहा.

चंदगडी

हिशेबनीस यांनी खरेदीचा मुद्दा मांडला, त्यात पुरवठ्याच्या बाजूची भर घालतो. पाच बलांपैकी ‘पुरवठादाराची ताकद’ आणि ‘नवीन येणाऱ्यांचा धोका’ ही दोन्ही आपल्याकडे एकाच ठिकाणी, काजू बीच्या भावावर येऊन आदळतात.

प्रक्रियेत शिरणं सोपं आहे. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या पीएमएफएमई योजनेने प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख अनुदान दिलं. यंत्र घेणं सोपं झालं, पण परिसरातली बी तेवढीच राहिली. प्रत्येक नवीन युनिट म्हणजे त्याच बागांवर आणखी एक बोली. ‘नवीन येणाऱ्यांचा धोका: मध्यम’ हे वाक्य म्हणून चालत नाही. गेल्या तीन वर्षांत ३०-४० किलोमीटरच्या आत किती युनिटं निघाली आणि किती बंद पडली ते लिहा.

शेतकऱ्याकडे थांबण्याची ताकद किती आहे हेही बघा. पणन मंडळाच्या शेतमाल तारण कर्ज योजनेत काजू बी आहे, व्याज ६ टक्के. ज्या भागात बाजार समिती किंवा सोसायटी ही योजना खरोखर राबवते, तिथला शेतकरी एप्रिलमध्ये पडत्या भावाने माल सोडत नाही. शिवाय गोव्याने २०२३ मध्ये आधारभाव किलोला १५० रुपये केला. तो गोव्यातल्या बागायतदारांसाठी असला तरी दोडामार्ग-सावंतवाडीकडचा माणूस बोलणी करताना तोच आकडा पुढे करतो.

प्रतिस्पर्ध्यांची यादी करताना नावं आणि क्षमता एवढ्यावर थांबू नका. आठ-दहा युनिटं निवडा आणि प्रत्येकाबद्दल चार गोष्टी शोधा: बॉयलर कोणत्या महिन्यापर्यंत चालतो, बी कोणाच्या पैशाची आहे, सोलणीला किती बायका आहेत आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने काय भाव दिला. बॉयलर नोव्हेंबरातही चालू असेल तर त्याच्याकडे भांडवल आहे किंवा आयात बी आहे. बी व्यापाऱ्याची असेल तर तो प्रत्यक्षात जॉबवर्क करणारा आहे आणि भाव तो ठरवत नाही, त्याच्यामागचा व्यापारी ठरवतो. माहिती मिळवायला पोती भरणारे टेम्पोवाले आणि गावोगावचे खरेदीदार पुरेसे असतात.

बीची जातही नोंदवा. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राची वेंगुर्ला-४ ही जात सुमारे ७.७ ग्रॅमची, उतारा ३१ टक्के. वेंगुर्ला-७ सुमारे १० ग्रॅमची, उतारा ३०.५ टक्के. गावठी रोपांच्या बागेतली बी लहान आणि आकाराने असमान. वेंगुर्ला-४ आणि ७ च्या बागा असलेली गावं ओळखून तिथे दोन रुपये जास्त देऊन घेतलं, तरी ते दोन रुपये उताऱ्यातून परत येतात. सरसकट एकाच भावाने घेणारं युनिट चांगल्या बागायतदाराला दुसऱ्याच्या दारात पाठवतं.

वाशी_गाळा

खरेदीदाराच्या ताकदीबद्दल थोडंसं. ‘दोन व्यापारी’ हीच सर्वांत मोठी जोखीम आहे, ती अहवालात आकड्यात दाखवा: एकूण विक्रीत पहिल्या व्यापाऱ्याचा वाटा किती, उधारी ठरलेली किती दिवसांची आणि प्रत्यक्ष पैसे कितव्या दिवशी आले, प्रतवारीवरून कटती किती गेली. बिलावरचा भाव आणि हाती आलेला भाव यांतला फरक किलोमागे काढा. हा फरक बऱ्याच युनिटांना माहीतच नसतो.

‘दर्जेदार कोकणी काजू’ खरंच बलस्थान आहे का, याची सोपी तपासणी आहे. एकाच दिवशी तुमच्या डब्ल्यू २४० ला (एका पौंडात २४० पर्यंत अख्खे गर बसणारी प्रत) मिळालेला भाव आणि मंगळुरूच्या डब्ल्यू २४० चा भाव शेजारी ठेवा. वर्षात अशा वीस-पंचवीस नोंदी करा. फरक सातत्याने तुमच्या बाजूने असेल तर तो बलस्थान म्हणून लिहा, नसेल तर ती ओळ काढून टाका. कोकणच्या बीची जमेची बाजू मोठ्या गरात आहे. डब्ल्यू १८०, २१०, २४० आपल्याकडे जास्त निघतात. आफ्रिकेच्या बीत डब्ल्यू ३२० चं प्रमाण जास्त. डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० गर, तिथे सगळ्या जगाची स्पर्धा आहे.

तुकड्यात पर्यायी मालाचा धोकाही खरा आहे. तुकडा महागला की हॉटेलं आणि केटरर ग्रेव्हीत मगज बी आणि शेंगदाणा वाढवतात. काजूकतलीवाला मात्र सहज हलत नाही. तुमचा तुकडा यांपैकी कोणाकडे जातो ते व्यापाऱ्याला विचारा.

गर_टरफल

खूप मोलाची माहिती, सगळ्यांचे आभार. सालीसकट आणि सफेद उताऱ्याची गल्लत अहवालात सगळीकडे आहे, ती दुरुस्त करतो.

दोन प्रश्न उरले. दोन व्यापाऱ्यांवरचं अवलंबन कमी करायला स्वतःच्या नावाने २५० ग्रॅमची पाकिटं काढली तर? ‘वेंगुर्ला काजू’ला भौगोलिक मानांकन आहेच. आणि २ टनांसाठी बी कमी पडली तर आफ्रिकेची आणायची, असं सल्लागार म्हणतो. ते जमेल का?

सावंतवाडी_पाकीट

पाकिटांचं उत्तर ‘हो, पण थोड्याच मालासाठी’ असं आहे. पाकिटात खपतो मोठा अख्खा गर. वरच्या हिशेबात एका पोत्यातून अख्खा १४ किलो निघतो, त्यात डब्ल्यू २४० आणि त्याहून मोठा समजा निम्मा. म्हणजे ६० टन बीमधून साधारण पाच टन. उरलेला सगळा माल वाशीलाच जाणार. तेव्हा व्यापाऱ्यांशी संबंध बिघडवून पाकिटांकडे वळू नका.

किलोमागे खर्च लिहून काढा: पाऊच, नायट्रोजन भरणी, छपाई, वितरकाचा आणि दुकानदाराचा हिस्सा, परत आलेला माल. दुकानदाराचा हिस्सा सर्वांत जड असतो, म्हणून मुंबई-गोवा महामार्ग, मालवण, सावंतवाडी इथल्या पर्यटकांना थेट विक्री आणि पुण्या-मुंबईच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना कुरिअर, एवढ्यापासून सुरुवात बरी. परत येणारा माल बहुधा खवट किंवा नरम झालेला असतो. कारण बहुतेक वेळा एकच: पॅकिंगच्या वेळी गरात ओलावा ५ टक्क्यांच्या वर. पावसाळ्यात बोर्म्यातून काढलेला गर उघडा ठेवला तर काही तासांत ओलावा ओढतो. सोलणीची खोली आणि पॅकिंगची खोली वेगळी हवी, आणि ओलावामापक हवा.

मानांकनाचं: ‘वेंगुर्ला काजू’ हे नाव नुसतं छापता येत नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून भौगोलिक मानांकन नोंदणी कार्यालयात नोंद करावी लागते आणि बी त्या क्षेत्रातली असल्याचं दाखवावं लागतं. त्यासाठी खेपेनुसार खरेदी वही लागते: गाव, बागायतदार, जात, तारीख. चंदगडी यांनी सांगितलेली नोंद इथेही उपयोगी पडते. आणि गोव्याच्या काजूलाही २०२३ पासून मानांकन आहे, त्यामुळे पर्यटकांच्या बाजारात ते नाव तुमच्या शेजारीच मांडलेलं असेल.

हिशेबनीस

आफ्रिकेच्या बीबद्दल. ती आणली की तुम्ही वेगळ्या मैदानात जाता. तिथे मंगळुरू, कोल्लम, आंध्रातलं पलासा इथली वर्षभर चालणारी युनिटं आहेत. ती डॉलरमध्ये सौदे करतात, पौंडांच्या हमीवर बी घेतात आणि उतारा कमी आला तर दावा लावतात. जहाजाला लागणारा वेळ, भावातला आणि डॉलरमधला बदल हे सगळं अंगावर घ्यायची ताकद ६० लाखांच्या मर्यादेत नाही. पुरवठाही पूर्वीसारखा मोकळा राहिलेला नाही. आयव्हरी कोस्ट आज सर्वांत मोठा उत्पादक आहे आणि प्रक्रिया आपल्याच देशात व्हावी म्हणून जोर लावतो आहे. बेनिनने २०२४ पासून कच्च्या बीच्या निर्यातीवर बंदी जाहीर केली. शिवाय कोकणी आणि आफ्रिकी बी एकाच छपराखाली आली की मानांकनाचा दावा टिकवणं अवघड होतं. दोन्हीपैकी एक निवडा.

सरकारी धोरण ही पाच बलांच्या चित्रात न बसणारी, पण आपल्या धंद्यात निर्णायक बाजू आहे, तिला वेगळा परिच्छेद द्या. कच्च्या बीवरचं आयात शुल्क २०१८ च्या अर्थसंकल्पात २.५ टक्क्यांवर आलं. तयार गरावरचं शुल्क २०१९ मध्ये ४५ वरून ७० टक्के झालं, आणि त्याच वर्षी किमान आयात भाव तुकड्याला ६८० आणि अख्ख्याला ७२० रुपये किलो ठरला. व्हिएतनामच्या यांत्रिकी कारखान्यांचा गर आपल्या बाजारात सरसकट उतरत नाही तो या भिंतीमुळे. ही भिंत खाली आली तर तुमचा तुकडा ६२० ला खपेल का, हा प्रश्न स्वतःच लिहा आणि उत्तरही द्या. अहवाल देण्याच्या दिवशी लागू असलेली अधिसूचना तपासून तिची तारीख नोंदवा.

जीएसटीची एक बाब भांडवलात धरायची राहते. शेतकऱ्याकडून घेतलेल्या न सोललेल्या काजूवर ५ टक्के कर रिव्हर्स चार्जने नोंदणीकृत खरेदीदाराला भरावा लागतो, तोही रोखीने. ६० टनांवर ८४ लाखांची खरेदी म्हणजे ४.२ लाख हंगामातच बाहेर जातात. वजावट गर विकल्यावर मिळते.

आता २ टनांचं. ५०० टन वाळलेल्या बीला ५२५ टन ताजी बी लागेल, ती ७ कोटी ३५ लाखांची. तुमच्याकडे आज ८५ लाख आहेत, त्यात ६० टनच येते. तुमची आजची यंत्रंही कामाच्या २५० दिवसांपैकी ११० दिवस बंद असतात, आणि त्याला कारण यंत्रं कमी असणं हे नाही, बी आणि पैसा कमी असणं हे आहे. शिवाय ऑटोमॅटिक कटिंगला एका आकाराची बी लागते. आधी चार-पाच आकारांत चाळणी करावी लागते, नाहीतर पातं गराला लागतं. गावठी आणि वेंगुर्ला-७ मिसळलेल्या पोत्यात हे हमखास होतं. यंत्राने पोत्यामागे कटिंगची २५० रुपये मजुरी वाचली आणि अख्खा पाच टक्क्यांनी घटला, तर १८७ तिथेच गेले. उरलेल्या ६३ रुपयांत हप्ता कसा भागणार?

त्याऐवजी बँकेसमोर हे मांडून बघा: यंत्रं तीच, दिवस १४० वरून २५०. १२५ टनांसाठी ताजी बी १ कोटी ८४ लाखांची. मार्च ते मे खरेदी चालू असतानाच पहिला माल विकून पैसे फिरतात, म्हणून एका वेळी अडकणारी कमाल रक्कम साधारण १.३ ते १.४ कोटी. २५ टक्के स्वतःचे धरले तर ३४-३५ लाख तुमचे आणि १ कोटीच्या आसपास मर्यादा. म्हणजे मुदत कर्ज न मागता कॅश क्रेडिट ४० लाखांनी वाढवून मागायचं.

जास्तीची ६५ टन बी म्हणजे ८१२ पोती. सफेद उतारा २६ टक्के राहिला तर वर्षाला सुमारे ७.४ लाखांची भर. २४.७५ वर राहिला तर १.४ लाख. बँकेला दोन्ही ओळी दाखवा, आणि तिसरी ओळ बीचा भाव १५० झाला तर काय, याची. २६ टक्के असतानाही त्या भावाला पोत्यामागे ७७ रुपयेच उरतात, व्याज वाढतं ते वेगळंच. म्हणून खरेदीची कमाल मर्यादा पौंडांशी बांधून आधीच लिहून ठेवा: ५१ पौंडांच्या खेपेला अमुक भाव, त्याखालच्या प्रत्येक पौंडाला किलोमागे तीन रुपये कमी. एक पौंड सालीसकट म्हणजे सफेद सुमारे ०.४१ किलो, ७४१ रुपयांनी ३०३ रुपये, आणि ते ८४ किलोंवर वाटले की साडेतीन रुपये किलो येतात. अर्धा रुपया तुमच्या खरेदीदाराला बोलणी करायला मोकळा ठेवा.